झोपेत वाहिलेल्या बेचाळीस टोपल्या

नव्या वर्षाचा सण होऊन आठ दिवस झाले आणि हिएनचा आवाज बसला. थंडीनं बसला असेल, आल्याचा काढा घेतला की उठेल, असं घरच्यांना वाटलं. पण तो उठला नाही. बोलायला तोंड उघडलं की भाताच्या तुसावरून कोणी चालत गेल्यासारखी नुसती खसखस ऐकू यायची. चाळीस वर्षं ज्या माणसानं नदीकाठच्या अकरा गावांना हसवलं, त्याला शेजारणीला कोंबडी हाकल म्हणून सांगायचं तरी हातवारे करावे लागत.

आणि गावची जत्रा महिन्यावर आली होती.

जत्रेच्या दिवशी जेवणं उरकली की चावडीच्या अंगणात चटई पडायची आणि तिच्यावर नाटक व्हायचं. तीन बाजूंना माणसं, चौथ्या बाजूला ग्रामदैवत. राजपुत्राचं काम करणारा आजारी पडला तर दुसरा कोणी उभा राही, नायिका बाळंत झाली तर तिची धाकटी बहीण गाणी म्हणे. पण सोंगाड्याशिवाय चटई अंथरायची नाही, अशी रीत होती. आता त्या रिती राहिल्या नाहीत आणि ती चटई विणणारी माणसंही राहिली नाहीत. तेव्हा मात्र सोंगाड्या नाही म्हणजे जत्रा नाही.

मंडळी हिएनच्या ओसरीवर जमली आणि हिरवा चहा पीत बसली. कोणालाच काही सुचेना. तेव्हा हिएनची मुलगी थोआ कोपऱ्यातून म्हणाली की सोंगाड्याची काठी ती घेईल.

थोआ तेव्हा एकतीस वर्षांची होती. दोन वर्षांपूर्वी नवरा गेला आणि ती माहेरी आली. नाटकात ती दायांची, मोलकरणींची कामं करायची. सोंगाड्याचं काम बाईनं केल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. चाऊ काका, म्हणजे मंडळीतला वाजवणारा, चहाचा पेला खाली ठेवून म्हणाला, "बाईनं सोंगाड्याची काठी धरली तर लोक हसतील गं."

"मग आणखी काय करायचं असतं सोंगाड्याला, काका?" थोआ म्हणाली.

ओसरीवर हशा झाला. हिएनही हसला, म्हणजे त्याचे खांदे हलले. तिथंच ते ठरलं.

त्या गावात नाटकाचा निकाल ढोल लावायचा. चटईच्या समोर, अगदी मधोमध, मानाचा ढोल ठेवलेला असे आणि त्याचं टिपरू गावातल्या पहिल्या मानाच्या माणसाच्या हातात. गाणं आवडलं, बोलणं आवडलं की तो कातड्यावर टिपरू मारी. आवडलं नाही की लाकडी कडेवर मारी, टक्. तीनदा टक् झालं की चटई गुंडाळायची, मग नाटकातला राजपुत्र मरायचा राहिला असला तरी. पण तोवर, म्हणजे तिसरी टक् वाजेपर्यंत, सोंगाड्या काय वाटेल ते बोलू शके. कोणावर बोलला, कोणाला लागलं, याचा जाब मागायचा नाही. साधा शेतकरी चावडीच्या पायरीवर मान वर करून बोलू शकत नसे. त्याच पायरीपुढं सोंगाड्या तोंडावर बोलून जाई.

टिपरू दुओंग आजोबांच्या हातात होतं, वीस वर्षं. बाकी कसेही असोत, त्यांना नाटकातलं कळायचं. हिएननं नुसती भुवई उचलली तरी कुठं दाद द्यायची हे त्यांना माहीत असे. आणि त्यांच्यामुळंच थोआला काठी हवी होती.

दोन वर्षांपूर्वी सहाव्या महिन्यात नदीला पूर आला. थोआचा नवरा बिएन बांधाच्या पहाऱ्यावर होता. पहारेकरी बांधावर मातीही टाकत आणि हिशेबासाठी प्रत्येक टोपलीमागे बांबूची एक कामटी मिळायची. बांधाच्या वळणाशी पायथ्यातून पाणी उकळल्यासारखं वर येऊ लागलं. बिएननं पितळी थाळा बडवला, मग पहाऱ्याच्या झोपडीकडे पळाला. झोपडीत गावचे चार मानकरी पत्ते खेळत बसले होते. ते उठले नाहीत. बांध फुटला. बिएन चौथ्या दिवशी वेळूच्या बेटात सापडला. कमरेच्या कापडात बेचाळीस कामट्या होत्या.

वरचा साहेब चौकशीला आला. मानकऱ्यांनी कागद लिहून दिला: पहाऱ्यावरचा माणूस झोपला होता. खाली चौघांच्या सह्या होत्या आणि पहिली सही दुओंग आजोबांची होती.

खरं काय ते गावाला ठाऊक होतं. चाऊ काका तर त्या रात्री बांधावरच होता, बिएनला झोपडीकडे पळताना त्यानं पाहिलं होतं. पण कागद झाला आणि माणसं गप्प बसली. बिएनच्या आईनं सार्वजनिक तळ्यावर जायचं सोडलं. पोरं थोआच्या मुलाला "झोपाळूचा" म्हणून हाक मारू लागली. हिएननं पुरानंतरच्या जत्रेत बांधावर एक ओळ टाकली होती. दुओंग आजोबांनी ना कातड्यावर मारलं, ना कडेवर. टिपरू ढोलावर आडवं ठेवलं आणि त्याच्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी हिएन माफीचा विडा घेऊन चावडीवर गेला आणि पुन्हा बांधाचं नाव घेणार नाही म्हणून शब्द देऊन आला. त्यानंतर तो लंगड्यांवर, बहिऱ्यांवर, सासवांवर विनोद करायचा. लोक हसायचे. थोआ हसली नव्हती.

तालीम घरामागच्या केळीत सुरू झाली. हिएन बाजेवर बसायचा, कुजबुजायचा आणि कुजबूज थकली की काठीनं जमिनीवर ठोकायचा.

पहिले चार दिवस त्यानं तिला एक शब्द बोलू दिला नाही. नुसतं चटईवर यायचं आणि उभं राहायचं. ती आली की तो मान हलवायचा. तू हसू मागायला येतेस, तो म्हणाला, भीक मागणारीला कोणी हसत नाही. काहीतरी काम घेऊन ये, काठी मोडलीय, पाण्याला निघालीयस, काहीही. ते काम तुला इतकं महत्त्वाचं वाटू दे की समोर माणसं आहेत हेच तू विसरली असशील.

मग प्रश्नाची गोष्ट आली. सोंगाड्या एकटा नसतो. चटईच्या कडेला बसलेला वाजवणारा त्याला मधूनच प्रश्न टाकतो, कधी प्रेक्षकांतलं कोणीही टाकतं, आणि सोंगाड्यानं त्याला उत्तर द्यायचं. थोआ घाईत पुढची ओळ म्हणून टाकायची. हिएन काठी आपटायचा. जागा सोड, तो म्हणायचा. ज्यानं प्रश्न विचारला, त्याचाही तो विनोद होतो, मग तो तुझ्या बाजूनं भांडतो. सगळं स्वतःच बोललीस तर तू एकटी पडशील.

आणि दुओंग आजोबांचं. चटईवर गेल्याबरोबर टिपरू धरणाऱ्याच्या स्तुतीच्या चार ओळी गायच्या, कातडं एकदा वाजवून घ्यायचं, मग पुढचं. हे तो रोज सांगायचा. त्याच्या जोडीला, बांध नको, हेही रोज.

"लंगड्यांवर बोलू?" थोआनं एकदा विचारलं.

हिएननं तिच्याकडे पाहिलं नाही. केळीच्या सोपटाचा तुकडा तोडत बसला.

एकदा भाजी निवडताना तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, कोणी धडधडीत खोटं तोंडावर फेकलं तर सोंगाड्यानं काय करायचं?"

हिएनचे डोळे चमकले. त्याच्या कसबातला प्रश्न होता. तो पुढं वाकला आणि जमेल तेवढ्या आवाजात म्हणाला, "नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं की भांडण होतं, आणि भांडणात मोठा माणूस जिंकतो. हो म्हणायचं. त्याचं खोटं उचलून खांद्यावर घ्यायचं आणि चालत सुटायचं, त्याला नको तिथवर." मग त्याच्या लक्षात आलं की आपण काय शिकवून बसलो, आणि त्यानं तिचं मनगट धरलं. "थोआ. पोरी, नको."

थोआनं मनगट सोडवलं नाही. भाजीही टाकली नाही.

लिहिता तिला येत नव्हतं. ती भातलावणीत ओळी जुळवायची आणि सोबतच्या बायकांवर वापरून पाहायची. पहिल्यांदा तिनं सगळं सरळ सांगितलं, थाळा, झोपडी, वेळूचं बेट. बायका गुडघाभर चिखलात उभ्या राहून रडल्या, मग डोळे पुसून रोपं लावू लागल्या. थोआला कळलं की हे चावडीपुढं सांगितलं तर असंच होईल. लोक रडून घरी जातील आणि कागद जिथं आहे तिथंच राहील. तीन दिवसांनी तिनं दुसऱ्या तऱ्हेनं सांगितलं. एक बाई हसता हसता चिखलात बसली आणि तिच्या हातातली रोपं वाहून गेली. जिथं बायका हसल्या नाहीत त्या ओळी थोआनं टाकून दिल्या, त्या कितीही आवडत्या असल्या तरी. चाऊ काकाला मात्र तिनं काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो जत्रेआधीच आजारी पडला असता.

जत्रेच्या दिवशी ऊन होतं, हलकं. दुओंग आजोबा काळ्या रेशमी डगल्यात ढोलाशी येऊन बसले. बाकीचे तीन मानकरी त्यांच्या मागं. हिएन बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून. थोआ बापाचा आखूड तपकिरी सदरा घालून, काठी घेऊन आली. आल्याआल्या चटईच्या मधोमध आडवी झाली आणि घोरू लागली.

स्तुतीच्या चार ओळी नाहीत. हिएननं डोळे मिटून घेतले.

लोक कुजबुजले. रिवाजाप्रमाणं चाऊ काकानं विचारलं, "अरे कोण तू? लोक नाटक बघायला आलेत आणि तू झोपतोस?"

"पहारेकरी आहे." थोआनं डोळे उघडले नाहीत.

"कशाचा?"

"नदीचा."

चाऊ काकाची बोटं वाद्यावर थांबली. पण प्रश्न टाकायची चाळीस वर्षांची सवय त्याच्याआधी बोलून गेली, "झोपून पहारा करतोस?"

"कागदावर तसं लिहिलंय ना, काका. मोठ्या माणसांचं अक्षर आहे. मी उठून बसलो तर त्यांचं अक्षर खोटं पडेल. गरिबानं एवढी तरी काळजी घ्यायला हवी."

पहिलं हसू लावणीच्या बायकांतून आलं, दाबलेलं. दुओंग आजोबांनी कडेवर मारलं. टक्.

थोआनं झोपेत कूस बदलली, डास मारल्यासारखी. मग तशीच डोळे मिटून उठली, काठी खांद्यावर घेतली आणि टोपल्या वाहू लागली. पाय घसरत होते, मान पेंगत होती, घोरणं चालू होतं आणि माती मात्र सांडत नव्हती. प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडून विचारलं, झोपेत किती टोपल्या वाहिल्यास म्हणून.

"बेचाळीस," ती म्हणाली. "जागा असतो तर दहाच वाहिल्या असत्या. जागेपणी माणसाला कंटाळा येतो."

आता पुरुषही हसले. आणि दुओंग आजोबांच्या ओठाचा कोपरा हलला. त्यांना हसू आलं होतं. वीस वर्षांचा कान होता तो, चांगली ओळ त्याला ओळखता येत होती. ते हसू गिळायला त्यांना क्षणभर लागला आणि मग त्यांनी टिपरू मारलं. टक्. पण तो क्षण गेला होता, त्यामुळं टक् नेमकी ओळीच्या शेवटी पडली, मंडळीतल्या वाजवणाऱ्यानं तालीम करून मारावी तशी. अंगण खदखदून हसलं. दुओंग आजोबांनी हातातल्या टिपऱ्याकडे पाहिलं.

थोआनं झोपेत थाळा बडवला. तोंडानं आवाज काढत, हात उगारून, डोळे मिटलेले. लोक हसत होते, पण ते हसू आता खाली खाली जात होतं. मग ती थांबली. इथं प्रश्न यायला हवा होता आणि तो एकाच माणसाला ठाऊक होता.

चाऊ काका गप्प होता. एक श्वास झाला. दोन झाले. थोआ डोळे मिटून, एक पाय उचलून उभी होती. पुढची ओळ तिच्या जिभेवर होती आणि ती म्हणाली नाही. पाय थरथरू लागला. मागच्या बाजूला कुणाचं तरी तान्हं कुरकुरलं आणि गप्प झालं.

"झोपडीपर्यंत गेलास का मग?" चाऊ काकानं विचारलं. त्याचा आवाज हिएनपेक्षाही बारीक निघाला होता, पण सगळ्यांनी ऐकला.

"गेलो, काका. धावत गेलो. झोपेत चपला कुठं राहिल्या कळलं नाही."

"कोण होतं तिथं?"

"चार माणसं होती. चारही जागी. जागी होती म्हणून तर हातात पत्ते होते."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, हळू बोल रे, डावाचा विचका होईल. जा, झोप जा." थोआनं पाय खाली ठेवला. "मी मोठ्यांचा शब्द कधी मोडला नाही. गेलो आणि झोपलो. अजून उठलो नाही."

कोणी हसलं नाही. त्या शांततेत तिसरी टक् वाजली.

थोआनं तिकडं तोंड केलं, डोळे तसेच मिटलेले. "ऐकलं, आजोबा," ती म्हणाली. "एवढीशी टक, पण झोपेतसुद्धा ऐकू आली. त्या रात्री थाळा केवढ्यानं वाजत होता."

मग रिवाजाप्रमाणं तिनं चटई गुंडाळली, झोपेतच, आणि काखेत मारून निघाली. वाटेत चावडीच्या खांबावर धडकली. त्याला वाकून नमस्कार केला, "माफ करा, मोठे लोक आहात, दिसला नाहीत." इतका वेळ छातीत धरून ठेवलेलं हसू तेव्हा फुटलं. म्हातारे हसले, पोरं हसली. बिएनची आई, जी दोन वर्षं घराबाहेर पडली नव्हती आणि आज सर्वांच्या मागं येऊन उभी राहिली होती, तीही पदरात तोंड घालून हसली.

संध्याकाळी हिएन चुलीपाशी बसला होता. थोआला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. मग त्यानं तिला जवळ बोलावलं आणि कानाशी कुजबुजला की टोपल्या वाहताना तू फणसाच्या झाडाकडे पाठ केलीस, तिथं बसलेल्या माणसांना तुझं तोंड दिसलं नाही, असं करू नये. एवढंच. मग भात वाढ म्हणाला.

तिसऱ्या दिवशी चावडीवरून बोलावणं आलं. हिएन विड्याचं तबक घेऊन स्वतः निघाला होता. थोआनं तबक काढून घेऊन फळीवर ठेवलं आणि रिकाम्या हातानं गेली.

चौघं मानकरी बसले होते. कारकून कुंचला भिजवून तयार होता. दुओंग आजोबा म्हणाले की रिवाजाप्रमाणं चटईवरच्या बोलण्याचा जाब मागता येत नाही, हे त्यांना कळतं. पण तिसऱ्या टकेनंतर ती जे बोलली ते चटईवरचं नव्हे. शिवाय सगळंच खोटं होतं. तिनं कबूल करावं, विडा ठेवावा, म्हणजे प्रकरण मिटेल.

"कोणतं खोटं, आजोबा?" थोआनं विचारलं. "बिएन झोपला होता, असंच मी म्हटलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तेच म्हटलं. तुमच्या कागदात तेच आहे. ते खोटं असेल तर कागदावर तसं लिहा. मी आत्ता विडा ठेवते."

कारकुनानं सवयीनं कुंचला उचलला. मग तो कागदाच्या वर तसाच धरून राहिला आणि शाईचा एक थेंब पडला. मागच्या मानकऱ्यांपैकी एकानं पान थुंकायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

दुओंग आजोबा म्हणाले, "तीन वर्षं तुमची चटई या अंगणात पडायची नाही."

"बांधावर पडेल," थोआ म्हणाली. "बांध चावडीचा नाही. आणि वर चढून बसलं की तिथून सगळ्यांना दिसतं."

तो कागद बदलला नाही. पुढं तो कुठं गेला, कोणास ठाऊक. त्यानंतर इतकी उलथापालथ झाली की कागदांचं कोण विचारतं. पण त्या वर्षी पाचव्या महिन्यात पहाऱ्याच्या पाळ्या लावायला गाव बांधावर जमलं. कारकून नावं पुकारू लागला. पहिलं नाव एका मासेमाराचं होतं. तो म्हणाला, "हजर. झोपलोय." दुसरा म्हणाला, "झोपलोय." तिसऱ्यानं जांभईच दिली. साठ-पासष्ट माणसं, एकामागून एक, अगदी गंभीर चेहऱ्यानं. कारकुनानं मान वर करून दुओंग आजोबांकडे पाहिलं. ते नदीकडे बघत होते.

यादी घरांची होती, शेवटी कारकून बिएनच्या घराच्या नावाशी आला. घरात कर्ता पुरुष नाही म्हणून तो ते नाव वगळून पुढं जाणार होता. थोआ रांगेतून पुढं आली. डोक्यावर टोपली होती.

"बिएनच्या घरून थोआ," ती म्हणाली. "जागी आहे. लिहा."